नभोवाणीचे स्वामित्व आणि तिचा श्रोता : तानसा परिसराच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात तानसा नदीवर बांधलेले धरण १८९२ साली पुरे झाले आणि त्या जलाशयाचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबई शहरात जाऊ लागले. त्यानंतर बरोबर पस्तीस वर्षांनी, म्हणजे १९२७ साली, मुंबईत एका वेगळ्याच प्रवाहाचा उगम झाला. तो ध्वनीचा होता व त्याची दिशा उलट, म्हणजे शहराकडून आसमंताकडे, होती. पाण्याच्या प्रवाहासंबंधी पुष्कळ लिहिले गेले आहे. धरणांच्या कुशीत राहूनही उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या शहापूर तालुक्यातील गावपाड्यांची कैफियत सर्वपरिचित आहे. ध्वनीच्या प्रवाहाचा विचार मात्र या परिसराच्या दृष्टीने फारसा झालेला नाही. हा आवाज कोणाच्या मालकीचा होता, तो शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलखात केव्हा व कोणत्या साधनांनी पोहोचला, आणि येथील मनुष्याला त्यात श्रोत्याखेरीज दुसरी कोणती भूमिका मिळाली काय, हे प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्यासारखे आहेत.

या प्रश्नांच्या मुळाशी एक घटनात्मक प्रश्न आहे. चीनसारख्या देशात प्रत्येक प्रांताच्या शासनाच्या मालकीची स्वतंत्र नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्था आढळते. महाराष्ट्रात अशी संस्था कधीच निर्माण झाली नाही. असे का घडले, आणि घडले नाही म्हणून काय गमावले अथवा काय टळले, याचा निर्णय करण्यासाठी ध्वनिक्षेपणाच्या स्वामित्वाचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे.

१. खाजगी कंपनीकडून सरकारकडे

मुंबई इलाख्यात ध्वनिक्षेपणाचे पहिले प्रयत्न हौसेखातर झाले. ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्राने डाक व तार खात्याच्या साहाय्याने मुंबईहून संगीताचा एक विशेष कार्यक्रम प्रक्षेपित केला व गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यास ऐकला. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम सुरू केले. तथापि नियमित ध्वनिक्षेपणाचा आरंभ मानावयाचा तो २३ जुलै १९२७ या दिवशी. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले. कलकत्त्याचे केंद्र त्याच वर्षी २६ ऑगस्ट रोजी सुरू झाले.

ही कंपनी खाजगी होती. तिचे अधिकृत भांडवल १५ लक्ष रुपयांचे असले तरी प्रत्यक्षात जमलेली रक्कम ६ लक्षांच्या आसपास होती. ग्राहकयंत्रांवरील वार्षिक १० रुपयांच्या परवाना-शुल्काचा मोठा भाग हेच तिचे मुख्य उत्पन्न. १९२९ अखेर साऱ्या देशातील परवान्यांची संख्या आठ हजारांपर्यंतही पोहोचली नव्हती. अशा अवस्थेत १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. १ एप्रिलपासून सरकारने ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने ते काम हाती घेतले. हा निर्णयही स्थिर नव्हता. काटकसरीचा उपाय म्हणून १९३१ च्या ऑक्टोबरात ही सेवा बंद करण्याचे ठरले, आणि लोकमताच्या दडपणामुळे ते लवकरच फिरवावे लागले. मे १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट १९३५ मध्ये लायोनेल फील्डन हे पहिले ध्वनिक्षेपण-नियंत्रक म्हणून आले व ८ जून १९३६ पासून संस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

या घटनाक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हिंदुस्थानात ध्वनिक्षेपण सरकारच्या ताब्यात आले ते प्रथमत: एखाद्या तत्त्वाच्या आग्रहामुळे नव्हे. खाजगी उद्योग कोलमडला व त्याचा भार दुसरे कोणी उचलीना, म्हणून ते सरकारकडे गेले. सरकारी स्वामित्वाचे तात्त्विक समर्थन मागाहून आले.

२. तीस मैलांचे वर्तुळ

कंपनीच्या मुंबई केंद्राचा प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचा होता व त्याची परिणामकारक कक्षा सुमारे तीस मैलांची, म्हणजे ४८ किलोमीटरांची, धरली जात असे. हे वर्तुळ नकाशावर काढून पाहिले असता त्याचा अर्थ ध्यानात येतो. कल्याण व भिवंडी त्याच्या आत येतात, शहापूर त्याच्या बाहेर पडते, तानसा तर आणखी पलीकडे राहते. ज्या जलाशयाच्या पाण्यावर मुंबईची तहान भागत होती, तेथपर्यंत मुंबईचा आवाज खात्रीने पोहोचत नव्हता.

ग्रामीण श्रोत्यांसाठी या इलाख्यात जो पहिला प्रयोग झाला तो ठाणे जिल्ह्यातच, पण वर्तुळाच्या आत असलेल्या भिवंडीत झाला, हे यामुळे स्वाभाविक वाटते. १९३३ च्या सुमारास तेथे सामुदायिक ग्राहकयंत्र बसविण्यात आले आणि मुंबई केंद्रावरून सायंकाळी मराठीतून ग्रामीण श्रोत्यांना उपयोगी अशी माहिती देण्यात येऊ लागली. एक यंत्र व त्याभोवती जमलेला गाव, ही पुढील तीन-चार दशकांत रूढ झालेली पद्धत येथे बीजरूपाने दिसते. नगरात नभोवाणी ही घरातील वस्तू होती. खेड्यात ती चावडीची वस्तू झाली.

४ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईचे लघुलहरी केंद्र सुरू झाले व मुंबईचा आवाज सह्याद्रीच्या पलीकडेही जाऊ लागला. तानसा परिसर आता कक्षेत आला खरा. परंतु कक्षेत येणे व ऐकू येणे यांत अंतर असते. विजेचा पुरवठा नसलेल्या पाड्यावर यंत्र चालवावयाचे ते बॅटरीवर. बॅटरी उतरली की ती भारण्यासाठी अथवा बदलण्यासाठी बाहेर न्यावी लागे. शहापूर तालुक्याला निदान आसनगाव-आटगाव-कसारा या लोहमार्गाचा आधार होता, मुरबाड तालुक्याला तोही नव्हता. म्हणून ग्रामीण नभोवाणीच्या यशापयशाचे माप प्रक्षेपकाच्या किलोवॅटांत घेऊन भागत नाही. बॅटरी वेळेवर बदलली जाते की नाही, यावर ते अधिक अवलंबून होते.

३. प्रांतांना मिळालेले व न वापरलेले दार

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यात ध्वनिक्षेपण हा विषय मध्यवर्ती सरकारकडे ठेवण्यात आला. तथापि त्याच कायद्याच्या १२९ व्या कलमाने प्रांतांसाठी एक दार उघडे ठेवले होते. एखाद्या प्रांतिक सरकारने अथवा संघराज्यात सामील झालेल्या संस्थानिकाने आपल्या प्रदेशात प्रक्षेपक उभारून चालविण्याचा अधिकार मागितल्यास मध्यवर्ती सरकारने तो सबळ कारणावाचून नाकारू नये, असे त्यात म्हटले होते. प्रांतिक मालकीच्या नभोवाणीची कल्पना त्या काळच्या कायद्याला अपरिचित नव्हती, हे यावरून सिद्ध होते.

प्रत्यक्षातही तशी उदाहरणे होती. वायव्य सरहद्द प्रांतात पेशावर येथे १९३५ साली प्रांतिक सरकारच्या विद्यमाने ग्रामीण ध्वनिक्षेपण सुरू झाले होते, ते दोनच वर्षांत ऑल इंडिया रेडिओकडे गेले. मद्रास शहरात नगरपालिकेचे केंद्र १९३० पासून चालू होते, तेही १९३८ मध्ये विलीन झाले. म्हैसूर संस्थानात प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्थापिलेल्या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले व पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. मराठी भाषिक प्रदेशापुरते पाहिले तर निजामाच्या राज्यात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे संस्थानी सरकारचे केंद्र होते. हैदराबाद, म्हैसूर व त्रिवेंद्रम या केंद्रांसमवेत तेही १ एप्रिल १९५० रोजी ऑल इंडिया रेडिओत समाविष्ट झाले. गोव्यात पोर्तुगीज राजवटीची ‘एमिसोरा दे गोवा’ होती. मुक्तीनंतर १९६२ साली तिच्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. मराठी मुलखात प्रादेशिक राज्यसत्तेच्या मालकीची नभोवाणी म्हणून जर काही होते तर ते ह्या दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी ती राज्यसत्ता लोकांनी निवडलेली नव्हती.

मुंबई इलाख्याच्या सरकारने मात्र हे दार वापरले नाही. प्रक्षेपक उभारण्याच्या खटपटीत न पडता त्याने ग्रामीण ग्राहकयंत्रांची व्यवस्था हाती घेतली. यंत्र बसविणे, ते दुरुस्त ठेवणे, बॅटरी पुरविणे हे प्रांताचे काम झाले. यंत्रातून काय बोलले जावे हे ठरविणे मध्यवर्ती संस्थेकडे राहिले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाने सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ३१ व्या नोंदीत डाक, तार, दूरध्वनी यांच्या जोडीने ध्वनिक्षेपणाचा समावेश केला आणि ही विभागणी पक्की केली. प्रक्षेपक केंद्राचा व ग्राहकयंत्र राज्याचे, या सूत्रात महाराष्ट्रातील नभोवाणीचा पुढील इतिहास सामावलेला आहे.

या मध्यवर्ती एकाधिकाराला मुंबईतच एकदा आव्हान मिळाले. ‘चले जाव’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ पासून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला. त्याच आंदोलनात मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी वीरमरण आले. सरकारच्या हाती असलेल्या नभोवाणीवर त्यांची बाजू मांडली जाणे शक्यच नव्हते. ज्या तालुक्यात ही घटना घडली त्या तालुक्याला आपल्याच डोंगरातील वार्ता खऱ्या स्वरूपात कळावयाची ती तोंडोतोंडीच. स्वामित्वाचा प्रश्न केवळ कारभाराच्या सोयीचा नसतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

४. पुण्याचा प्रयोग आणि ठाणे जिल्हा

स्वातंत्र्यानंतर मराठी प्रदेशात केंद्रांची संख्या वाढत गेली. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी व पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५३ सालीच प्रादेशिक बातमीपत्रांना आरंभ झाला व पहिल्या दोन केंद्रांत नागपूर होते. प्रांताच्या बातम्या प्रांतातून सांगण्याची ही सुरुवात लहान असली तरी महत्त्वाची होती. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याची धुरा डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी भाषिक मंत्र्याकडे होती. चित्रपट-संगीताविषयीची त्यांची कठोर भूमिका व १९५७ साली झालेला ‘विविध भारती’चा उदय या गोष्टी प्रसिद्धच आहेत. सबंध देशाच्या कानावर कोणते संगीत पडावे हे दिल्लीतील एका खात्याने ठरवावे, हा केंद्रित स्वामित्वाचाच परिणाम होय.

याच काळात पुणे केंद्रावर दोन उपक्रम एकाच वेळी चालू होते. एक, ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ते प्रक्षेपित झाले व त्याची स्मृती महाराष्ट्राने जपली आहे. दुसरा, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने झालेला ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग. त्याची स्मृती मात्र तज्ज्ञांपुरतीच उरली आहे. वस्तुत: नभोवाणीच्या इतिहासात दुसऱ्याचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही.

कॅनडात १९४१ पासून चाललेल्या शेतकरी-मंडळांच्या धर्तीवर या प्रयोगाची आखणी झाली होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे मंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. मंडळाने कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका व निर्णय चिटणिसामार्फत केंद्राला लेखी कळवावेत, आणि केंद्राने पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे द्यावीत, अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली तिचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या काही गावांची तुलना नुसते यंत्र असलेल्या व यंत्रही नसलेल्या गावांशी करण्यात आली. तिचा निष्कर्ष असा निघाला की मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली, आणि नुसते यंत्र असल्याने तशी भर पडत नाही. हा प्रयोग यशस्वी ठरल्यामुळे १९५९ पासून श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली.

ह्या निष्कर्षातील दुसरा भाग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यंत्र बसविले म्हणजे नभोवाणी गावात आली असे होत नाही. गावाचे बोलणे केंद्रापर्यंत जाण्याची वाट असेल तरच ऐकण्याला अर्थ येतो. तथापि ज्या पाच जिल्ह्यांत हा प्रयोग झाला त्यांत ठाणे जिल्हा नव्हता. पुणे केंद्राच्या श्रोतृवर्गासाठी आखलेल्या प्रयोगात मुंबई केंद्राच्या छायेतील जिल्हा नसावा, हे समजण्यासारखे आहे. पण मुंबई केंद्राचा मुख्य श्रोता मुंबईकर होता. ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’ यांसारखे त्याचे लोकप्रिय कार्यक्रम गिरणगाव व मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते. शहापूर-मुरबाडमधील ठाकर, कातकरी, महादेव कोळी अथवा वारली श्रोता महानगराच्या इतका निकट होता की त्याच्यासाठी वेगळे केंद्र उभारण्याची निकड कोणाला भासली नाही. आणि महानगराच्या जीवनापासून तो इतका दूर होता की त्या केंद्रावर त्याची बोली क्वचितच ऐकू येई. निकटतेमुळे झालेली ही उपेक्षा या परिसराच्या इतिहासात पाण्याच्या बाबतीतही दिसून येते.

दूरचित्रवाणीच्या काळातही ही स्थिती फारशी पालटली नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले व ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम पुढे महाराष्ट्रभर परिचित झाला. परंतु १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा जो राष्ट्रीय प्रयोग झाला, त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा अंतर्भाव नव्हता.

५. तुलना आणि तिच्या मर्यादा

येथे चीनच्या प्रांतिक संस्थांची तुलना उपयोगी पडते. चीनमध्ये १९४९ नंतर प्रांतिक नभोवाणी केंद्रे उभी राहिली, आणि १९५२ साली जिलिन प्रांतातील जिउताई परगण्यापासून तारेने जोडलेल्या ध्वनिवर्धकांचे जाळे खेडोपाडी पसरू लागले. बिनतारी ग्राहकयंत्राची व बॅटरीची अडचण त्यांनी अशा रीतीने ओलांडली. १९८३ मध्ये केंद्र, प्रांत, शहर व परगणा अशा चारही पातळ्यांवर दूरचित्रवाणी चालविण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. प्रांतिक संस्थांचा आजचा विस्तार बहुतांशी त्या धोरणाचे फळ आहे. पण तारेने जोडलेला ध्वनिवर्धक श्रोत्याला बंद करता येत नाही व त्याच्याकडून उत्तरही स्वीकारत नाही. मध्यवर्ती केंद्राच्या मुख्य बातम्या प्रांतिक संस्थांनाही पुनःप्रक्षेपित कराव्या लागतात. प्रांताची मालकी म्हणजे प्रांतातील जनतेची मालकी नव्हे, हे या उदाहरणावरून दिसते. याउलट पश्चिम जर्मनीत ध्वनिक्षेपण घटकराज्यांच्या अधिकारात असल्याचा निर्वाळा तेथील घटनात्मक न्यायालयाने १९६१ साली दिला आणि तेथील प्रादेशिक संस्था शासनापासून अलग ठेवण्यात आल्या. म्हणजे प्रांताच्या हाती नभोवाणी सोपविण्याचे किमान दोन अगदी भिन्न अर्थ संभवतात.

भारतातही हा प्रश्न अधूनमधून उपस्थित झाला. १९६४ साली नेमलेल्या चंदा समितीने नभोवाणीला सरकारी खात्यातून मुक्त करण्याची शिफारस केली. वर्गीस समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची योजना मांडली. तीही राज्यवार स्वतंत्र महामंडळांची नव्हे, तर एकाच राष्ट्रीय न्यासाची होती. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अंमलात आला. दरम्यान १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. सामाजिक संस्थांना आपले छोटे नभोवाणी केंद्र चालविण्याची परवानगी देणारे धोरण २००६ मध्ये आले. स्वामित्वाच्या वादात राज्य व केंद्र हे दोनच पक्ष नसून गाव हा तिसरा पक्ष आहे, याची ती उशिरा दिलेली कबुली होय.

६. समारोप

या विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. मुंबई राज्याने, व पुढे महाराष्ट्राने, स्वतःची नभोवाणी उभारली नाही याचे कारण केवळ संविधानातील नोंद हे नव्हे. कायद्याने दार उघडे असतानाही प्रांताने ग्राहकयंत्रांच्या व्यवस्थेवरच समाधान मानले होते. दुसरे असे की, प्रांताच्या मालकीची संस्था असती तर तानसा परिसराचा आवाज तिच्यावर ऐकू आलाच असता असे म्हणता येत नाही; प्रांताची राजधानी मुंबईच होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९५६ च्या प्रयोगाने दाखवून दिले की मालकी कोणाचीही असो, श्रोत्याला उत्तर देण्याची सोय केली तर नभोवाणी गावाची होते. ती सोय ज्या वर्षी सिद्ध झाली त्या वर्षी शहापूर-मुरबाडच्या वाट्याला ती आली नाही.

तानसा जलाशयाने मुंबईला सव्वाशेहून अधिक वर्षे पाणी दिले आहे. त्या बदल्यात मुंबईने या मुलखाकडे पाठविलेल्या आवाजाचा जमाखर्च मांडला तर शेतीची माहिती, बातम्या व गाणी या जमेच्या बाजू ठरतील, आणि त्या थोड्या नाहीत. परंतु खर्चाच्या रकान्यात एक ठळक नोंद करावी लागेल : या मुलखाने काय म्हटले हे ऐकण्याची व्यवस्था त्या आवाजाच्या सोबत आली नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अद्याप हयात असलेल्या वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी गावोगावी जाऊन नोंदविल्या, तर ही उणीव अंशत: तरी भरून निघेल.